बारा चाकूंची पेटी

आमच्या शेजारच्या गेणूभाऊंना चहा दिला की ते तो तीन घोटांत संपवतात. नवख्या माणसाला वाटतं, यांना चहाची फार आवड. तसं काही नाही. त्यांना कप उलटा करायचा असतो. कपाच्या बुडाशी कारखान्याची खूण असते, ती त्यांना वाचायची असते, आणि चहा असेपर्यंत ते जमत नाही एवढीच त्यांची अडचण. कप वाचून झाला की बशी. बशी दुसऱ्या सालातली निघाली, तर मी पत्रिका न बघता कुणाचं तरी लग्न लावून दिल्यासारखं ते माझ्याकडे बघतात.

रेवा, ईशान, मागच्या सुट्टीत तुम्ही इथे शेवगावला आलात तेव्हा तुमच्या पाण्याच्या बाटल्या उलट्यापालट्या करून बघणारे ते उंच आजोबा म्हणजे हेच गेणूभाऊ. ते पोलीस आहेत का, असं ईशानने मला हळूच विचारलं होतं. पोलीस नाहीत. ते सरकारी मोजणीत होते. दोन शेतकऱ्यांचं बांधावरून भांडण झालं की साखळी घेऊन जायचं, रान मोजायचं आणि कुणाचं कुठे संपतं ते दगड रोवून सांगायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. या कामाला 'हद्द कायम करणं' म्हणतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते काम काही सुटलं नाही. फक्त जमिनीवरून उठून ते घरातल्या वस्तूंवर आलं.

त्यांची पद्धत ठरलेली आहे. "आधी एक हद्द धरायची बाई. ही वस्तू याच्या आधीची न्हाई. मग दुसरी हद्द. याच्या नंतरची न्हाई. मधी जे उरतं, ते आपलं रान." आणि या रानात एका शब्दाला पाय ठेवायला बंदी आहे. तो शब्द म्हणजे 'अंदाजे'.

आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब तुम्ही पाहिला आहे. तो माझ्या सासूबाईंच्या लग्नातला, असं मी चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. एकदा गेणूभाऊंनाही सांगितलं.

"लगीन कवाचं त्यांचं?"

"असेल अंदाजे..."

"अंदाजे नको."

मग ते बंबाभोवती उकिडवे बसले. नळाची चकती बघितली, जोड बघितले, बुडाशी बॅटरी मारली. अर्ध्या तासाने उठले आणि मोजणीचा निकाल सांगावा तसं म्हणाले, "बाई, ह्यो बंब तुमच्यापेक्षा ल्हान हाय." तेव्हापासून मी त्या बंबाशी जरा वडीलकीने वागते.

त्यांची बायको हिराबाई. गेणूभाऊंच्या या वेडाची त्या कधी तक्रार करत नाहीत, फक्त माहिती देतात. "लगीन झालं तवा ह्यांनी मला पयलं काय इचारलं, ठावं हाय का बाई? म्हनं, तुजा जन्म कंच्या सालचा. म्या म्हन्लं, मी काय तांब्या हाय व्हय, बुडाला बघून सांगाया?"

"मग सांगितलं का तू? अजून न्हाई सांगितलं," गेणूभाऊ शांतपणे म्हणतात.

"ठावं आसंल तर सांगंल न्हवं."

गेणूभाऊंची आणखी एक खोड होती. ते भेटेल त्याला विचारत, "तुमाला सगळ्यात जुनं काय आठवतं?" मलाही विचारलं. मी सांगितलं, दाराच्या खुंटीला अडकवलेली माझ्या वडिलांची काळी छत्री, आणि ती हाताला लागत नाही म्हणून खाली रडत उभी असलेली मी.

"किती वर्षांच्या हुत्या?"

"तीनेक."

"तीनेक न्हाई. तीन का चार?"

आम्ही ते घर मी चार वर्षांची व्हायच्या आत सोडलं, हे मी पुराव्यानिशी सांगितलं तेव्हा त्यांनी खिशातून वही काढली आणि 'तीन' असं लिहून घेतलं. त्या वहीत पोस्टमन होता, दूधवाला होता, बाजारातली भाजीवाली होती. भाजीवालीने त्यांना चांगलं ऐकवलं होतं. "मला काल कोथमिरीची जुडी कुनाला उधार दिली ते आठवना भाऊ, आन तुमी ल्हानपन काढत बसलाव." गेणूभाऊंनी तिच्यापुढे काही लिहिलं नाही, पण जागा मोकळी ठेवली. मी हेही त्यांच्या वेडातलंच एक वेड समजले. माणसांच्याही बुडाच्या खुणा बघतायत, दुसरं काय.

आता त्यांच्या वाढदिवसाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक जूनला गेणूभाऊंचा फोन दिवसभर वाजत असतो. त्यांच्याबरोबर नोकरीला असलेल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनलाच असतो. "आमा सगळ्यांचा बाप एकच," ते म्हणतात, "हेडमास्तर." त्या काळी खेड्यात मुलाची जन्मतारीख कुणी लिहून ठेवत नसे. जूनमध्ये शाळा सुरू झाली की बाप पोराला मास्तरांपुढे उभा करायचा. मास्तर म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. धरता आला की पोरगं सहा वर्षांचं झालं. मग आजच्या सालातून सहा वजा करायचे आणि पुढे 'एक जून' लिहायचं. तुम्ही दोघं आत्ता हात डोक्यावर नेऊन बघताय, मला इथून दिसतंय.

गेणूभाऊंनी कान पहिल्या फटक्यात धरला. त्यांचे हात तुम्ही पाहिले आहेत. आपल्या ओट्यावर बसून ते फाटकाची कडी काढू शकतात. मोजणीची साखळी ओढायला ते हात फार उपयोगी पडले, पण वयाची साक्ष द्यायला कुचकामी. "मी खरंच सहाचा आसन, न्हाईतर चारचाबी आसन," ते म्हणत. "हाताला काय कळतंय?"

मागच्या हिवाळ्यात ते तिसगावहून एसटीने आले आणि स्वतःच्या घरी न जाता सरळ माझ्या ओट्यावर चढले. मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं. तिसगावला त्यांच्या वडिलांचं छोटं दुकान होतं. कुलपं, साखळ्या, कंदिलाच्या वाती, चाकू-कात्र्या असा माल. रस्ता रुंद होणार म्हणून त्यांच्या चुलतभावाने ते पाडायला काढलं, तेव्हा माळ्यावर ही वस्तू सापडली. माझ्याकडे आणायचं कारण, तिच्यावर इंग्रजी अक्षरं होती आणि मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं होतं.

गोणपाट सोडलं. आत सागवानी चौकटीची, काचेच्या झाकणाची पेटी. पूर्वी चाकूंच्या कंपन्या दुकानदाराला अशी पेटी देत. ती दर्शनी भिंतीवर टांगायची, म्हणजे गिऱ्हाइकाला बोट दाखवून चाकू निवडता यायचा. आत हिरवी मखमल, तिच्यावर दोन ओळींत बारा जागा. प्रत्येक जागेला चामड्याचा बारीक पट्टा आणि खाली किमतीची चिठ्ठी. चाकू सगळे घडीचे, पातं मुठीत मिटणारे. एकाची मूठ शिंगाची, एकाची शिंपल्यासारखी चमकणारी. बारांपैकी पाच शिल्लक, सात जागा रिकाम्या. वर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव, अर्धं उडालेलं.

"ह्या पेटीचं साल पायजे बाई," गेणूभाऊ म्हणाले.

मी म्हटलं, बघू सावकाश. तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. गावच्या मृत्यूच्या नोंदवहीतला उतारा होता. नाव सरूबाई, त्यांच्या आईचं. मृत्यूची तारीख ऑगस्टमधली. आणि वयाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'अंदाजे १९'.

त्या शब्दावर त्यांचा एवढा राग का, ते मला तेव्हा कळलं. मी चष्मा पुसत बसले.

गोष्ट अशी होती. गेणूभाऊंची आई ते लहान असताना वारली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आई चांगली होती, आणि ती चांगली होती म्हणूनच घरात पहिलीचं नाव कुणी काढलं नाही. फोटो नव्हता. नोंदवहीतली मृत्यूची पानं राहिली होती, जन्माची वाळवीने खाल्ली होती. फक्त एक म्हातारी सुईण होती. ती बाजारात छोट्या गेणूला बघितलं की हसून सांगायची, "दुकानात चाकूची पेटी आली आन त्याच आठवड्यात तू आलास. म्या कोरं पातं मागितलं, तर तुझ्या बापानं नव्या पेटीतला चाकू सोडून आनून दिला. त्यानं तुझी नाळ कापली." सुईणही पुढे गेली. ती एवढंच सांगून गेली, साल नाही.

तेव्हा पेटीचं साल ते गेणूभाऊंचं साल.

आता तुम्हाला पैशांचा एक बदल माहीत हवा. पूर्वी रुपयाचे सोळा आणे असत. मग एका एप्रिलपासून रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि सवय होईपर्यंत त्यांना 'नवे पैसे' म्हणत. सरूबाई गेली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. शाळेच्या दाखल्यावरून हिशोब केला तर गेणूभाऊ तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते. पण दाखला लिहिला होता त्या लांब हातांनी. पेटी आण्यांच्या काळातली निघाली, तर दाखला खरा असू शकत होता. नव्या पैशांतली निघाली, तर आई त्यांना फार तर चार महिने मिळाली.

मोजायचं होतं ते एवढंच. पेटी जुनी निघावी, असं मला मनापासून वाटायला लागलं. हिराबाई तर उघडच म्हणाल्या, "आन्यातली निघू दे माय. दोन वर्सं तरी कडंवर घेतलं आसंल पोराला."

आम्ही कामाला लागलो. मी रीतसर टिपण ठेवलं. पहिला पुरावा मलाच सापडला. चिठ्ठ्यांवर शाईने उभ्या-आडव्या रेघा होत्या, जुनी माणसं आणे लिहायची तशा. मी म्हटलं, "बारा आणे लिहिलंय. जुनी आहे पेटी."

गेणूभाऊंनी मान हलवली. "आमच्या वडलांनी मरेपर्यंत आनेच लिवले. पंचाहत्तर पैसे त्यांच्या तोंडात कधी बसलं न्हाई. ह्यो पुरावा फुटतो बाई."

मग सोनेरी अक्षरांचा फोटो मी रेवाला पाठवला. रेवा, तू परदेशातल्या चाकू जमवणाऱ्या लोकांना विचारून कळवलंस की असलं अक्षर ती कंपनी आण्यांच्या काळापासून वीसेक वर्षं वापरत होती. मी ते वाचून दाखवलं. "वीस वर्षं," गेणूभाऊ म्हणाले. "वीस वर्षांत मोजनीला लागलेला मानूस साहेब होऊन घरी जातो." तोही पुरावा फुटला. आपल्याला हवी ती बाजू दाखवणारा प्रत्येक पुरावा त्यांनी स्वतःच मोडला. शेतकऱ्याचं रान मोजताना त्यांनी आयुष्यभर हेच केलं असणार.

एक पुरावा मात्र त्यांनाच सापडला. एका सकाळी त्यांनी पेटी ओट्यावर उन्हात तिरकी धरली आणि मला हाक मारली. मखमल वर्षानुवर्षं उजेडात राहून विटली होती. पण जिथून चाकू विकले गेले होते, तिथे चाकूच्या आकाराची गडद हिरवी सावली उरली होती, भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर मागे उरते तशी. सहा जागी सावली होती. सातव्या जागी, वरच्या ओळीतली चौथी, काहीच नव्हतं. तिथली मखमल बाकीच्यासारखीच विटलेली.

"ह्यो चाकू हितं राहिलाच न्हाई," गेणूभाऊ म्हणाले. "पेटी कोरी आसतानाच निघाला." त्यांनी काचेवरूनच त्या जागेवर बोट ठेवलं. "म्हातारी खरं बोलत हुती."

आता राहिली होती पेटीची पाठ. मागून चारी बाजूंनी जाड तपकिरी कागद चिकटवलेला होता, कुठेही न फाटलेला. आत काय आहे ते बघायचं तर तो कापायला हवा होता. आणि तिथे गेणूभाऊ अडले. एक आठवडा म्हणाले हवा दमट आहे. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले ऊन फार आहे. तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर रेवानेच विचारलं, "आजोबा, मागून उघडून बघितलंत का?"

"बाळ, दगड एकदा रोवला की उपटता येत न्हाई," ते म्हणाले, आणि फोन माझ्याकडे देऊन घरी गेले.

हिराबाई मला म्हणाल्या, "तुमीच सांगा बाई. मास्तरीनबाईचं आयकत्यात. तीन आठवडं झालं, घास गोड लागना त्यांला." मग मी वर्गातला आवाज काढला. म्हटलं, गेणूभाऊ, उद्या चार वाजता पेटी घेऊन या, मोजणी अर्धवट ठेवायची नसते.

चारला दोन मिनिटं कमी असताना ते आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. मागून हिराबाई. मी चहा ठेवला. पाठ कापायला मी स्वयंपाकघरातली सुरी आणत होते, तर त्यांनी हाताने थांबवलं. पेटीतलाच एक चाकू सोडवला, शिंगाच्या मुठीचा. इतक्या वर्षांत तो कुणी उघडलेला नव्हता. खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले, नखाने पातं ओढलं. ते आधी आलं नाही, मग एकदम टक् करून उघडलं. तीन बाजूंनी कागद कापला. आत पातळ फळी, आणि फळीवर चिकटवलेली एक छापील यादी. इंग्रजीत. त्यांनी तिच्याकडे न बघताच पेटी माझ्याकडे फिरवली.

मी चष्मा लावला. बारा चाकूंचे क्रमांक, आणि पुढे एकेका डझनाचा भाव. दोन रकाने. पहिल्यावर रुपये. दुसऱ्यावर नवे पैसे. हाताने लिहिलेलं नाही, छापलेलं.

मी तीस वर्षं पेपर तपासले. कुणालाही अर्धा मार्क कधी वाढवून दिला नाही, तुमच्या वडिलांनासुद्धा नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "ही यादी कुणी नंतर चिकटवली असेल, गेणूभाऊ."

त्यांनी पेटी परत घेतली. भिंग लावून यादीची कड बघितली, कागदाची कड बघितली, फळीवरच्या डिंकाला बोट लावलं.

"डिंक एकच हाय. पाठ आजच पयल्यांदा फुटली." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "हद्द कायम झाली बाई."

हिराबाई म्हणाल्या, "म्हंजी चारच म्हैनं."

"फार तर चार."

"माय गं."

गेणूभाऊंनी खिशातून ती वही काढली. मला वाटलं, साल लिहून ठेवतायत. पण ते पानं मागे मागे उलटत गेले. पोस्टमन, दूधवाला, माझी छत्री.

"शंभराच्या वर लोकांना इचारलं," ते म्हणाले. "दोन वर्षांच्या वयाचं आठवतंय आसं म्हननारी दोन मानसं भेटली. एकाला आईच्या हातातला कंदील आठवतो. एकीला लुगड्याचा काठ." त्यांनी वही मिटली. "चार म्हैन्याचं आठवतं म्हननारा एकबी न्हाई भेटला."

त्यांनी वही परत खिशात ठेवली.

"मला वाटायचं बाई, सव्वादोन वर्षांचं पोर म्हंजे आईच्या मागं मागं हिंडत आसनार. बोलत आसनार. आन मला तिचं काय म्हंता काय आठवना. लई आठवून बघितलं. रानात साखळी धरून उभं राहिलं की दुपारचं दुसरं काय काम आसतंय? कधी वाटायचं, आता काकनाचा आवाज यील. न्हाई आला. म्हन्लं, आपलं मनच निबर. आई इसरलेला मानूस." त्यांनी ती यादी तळहाताने सारखी केली. "तर तसं न्हाई. मी इसरलो न्हाई. आठवायला काय नव्हतंच."

हिराबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "पंचेचाळीस वर्सं झाली लग्नाला. कवा बोलला न्हाईत मला."

"तू कवा इचारलंस?"

"म्या इचारायचं व्हय?" असं म्हणून त्यांनी पदराने आधी स्वतःचं तोंड पुसलं आणि मग, उगाचच, पेटीची काच.

गेणूभाऊंनी चाकू पुसला, मिटला आणि त्याच्याच जागी पट्ट्यात अडकवला. वरच्या ओळीतली चौथी जागा तशीच राहिली. मग त्यांनी चहा घेतला. तो निवून गेला होता, पण ते सावकाश पीत बसले, एकेक घोट. संपल्यावर कप बशीत सरळ ठेवला. मी वाट बघितली, पण तो तसाच राहिला.

हिराबाईंनी विचारलं, "दिसाया कशी आसंल हो?"

गेणूभाऊंनी दोन्ही हात पुढे पसरले आणि थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

"हात लांब आसतील," ते म्हणाले. "वडलांचे आखूड हुते."

मग जरा थांबून म्हणाले, "अंदाजे."